पंचतारांकित पोरं आणि पाचच विजय : कॉलेज फुटबॉलची भरती कशी वाचावी

२०२२ साली अनंत चतुर्दशी शुक्रवारी आली. ह्यूस्टनमध्ये शुक्रवारी रजा कोण काढणार, म्हणून आम्ही विसर्जन शनिवारी, १० सप्टेंबरला ठेवलं. हॉलच्या मागे, मोदकांचे ट्रे मांडले होते तिथे, आमच्या ओळखीचे एक काका मरून टी-शर्ट घालून फोनमध्ये डोकं खुपसून बसले होते. मुलगी टेक्सस ए अँड एमला शिकायला गेली तेव्हापासून त्यांनी अमेरिकन फुटबॉलचा हा खेळ मनावर घेतला होता. आरतीचं तबक फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आलं, तोवर ॲपलाचियन स्टेट नावाच्या कॉलेजने ए अँड एमला त्यांच्याच मैदानावर १७-१४ असं हरवलं होतं. काकांनी तबकात डॉलर टाकला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, देशातली एक नंबरची पोरं आणलीत म्हणे यंदा! मग हे काय?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे, जरा उशिरा आणि जरा लांबलेलं. मुलगा-मुलगी इथल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठात गेलीय, ऑफिसात सोमवारी सगळे याच विषयावर बोलतात आणि आपण नुसती मान हलवतो, अशांसाठी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

पायरी १ : स्थळं कशी जमतात ते समजून घ्या

कॉलेजच्या संघांना लिलाव नाही आणि संघांनी आळीपाळीने पोरं निवडायची, तो ड्राफ्टही नाही. कुठे जायचं ते मुलगा स्वतः ठरवतो. त्यामुळे मोठमोठे कोच सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन सोफ्यावर बसतात, आईच्या हातचं पोटभर खातात, आजीच्या गुडघ्यांची चौकशी करतात. आपल्याकडे स्थळ पाहायला जातात, थेट तोच थाट. फरक इतकाच की चांगल्या पोराच्या दारात एकाच वेळी दहा-पंधरा पक्ष उभे असतात.

कॉलेजने 'आमच्याकडे ये' म्हटलं की ती ऑफर. मुलाने जाहीर होकार दिला की तो कमिट झाला. हा होकार तोंडीच असतो, त्यामुळे तो मोडतोही. बोलणी मोडून दुसऱ्याकडे गेला की फ्लिप झाला म्हणायचं. सही झाली की साखरपुडा. पूर्वी सह्यांचा मोठा दिवस फेब्रुवारीतला पहिला बुधवार असायचा. २०१७ पासून डिसेंबरमध्ये एक आधीची फेरी सुरू झाली आणि आता बहुतेक सगळे तिथेच उरकून घेतात. एका वर्षी सही केलेल्या मुलांचा गट म्हणजे त्या वर्षाचा क्लास. शिष्यवृत्ती नसताना स्वतःच्या खर्चाने संघात येतो तो वॉक-ऑन. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागेल.

पैशाचं थोडक्यात सांगते. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा मिळाली. २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसेही देऊ लागली; पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती. थोडक्यात, हुंडा पूर्वी पडद्याआड होता, तो आता मांडवात आलाय.

पायरी २ : तारे म्हणजे पत्रिका, संसार नव्हे

शाळेतल्या खेळाडूंना दोन ते पाच तारे देणाऱ्या कंपन्या आहेत: २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन. सगळ्यांचे अंदाज एकत्र करून जो आकडा निघतो त्याला कॉम्पोझिट म्हणतात. नवख्याने सरळ तोच बघावा, म्हणजे एखाद्या कंपनीच्या लहरीचा फटका बसत नाही.

पाच तारे किती जणांना? २४७स्पोर्ट्स दरवर्षी साधारण ३२ मुलांना देते, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टची पहिली फेरी ३२ जणांची असते. म्हणजे पाचवा तारा सांगतो की हा मुलगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत जाईल असा आमचा कयास आहे. हा मुलगा या सप्टेंबरात तुमच्या कॉलेजला सामना जिंकून देईल, असं तो कधीच सांगत नाही. काकांची चूक इथेच झाली होती, आणि गंमत म्हणजे टीव्हीवर बोलणाऱ्यांचीही इथेच होते. चार तारे मिळवणारे तीन-चारशे. उरलेला महासागर तीन ताऱ्यांचा.

तारे कशावरून ठरतात? सामन्यांच्या चित्रफिती, उन्हाळी शिबिरं, उंची, वजन, हाताची लांबी, धावण्याची वेळ. शिबिराला न गेलेला, आडगावातला, किंवा वेगळ्याच पद्धतीने खेळणाऱ्या शाळेतला मुलगा नजरेतून सुटतो. टेक्ससमधल्या वेस्ट कोलंबिया गावच्या कॅम वॉर्डचंच बघा. त्याची शाळा चेंडू फारसा फेकायचीच नाही, बहुतेक पळवायची. मग हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, फेकतो कसा हे बघणार कोण? सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजने त्याला घेतलं, तिथून तो वॉशिंग्टन स्टेटला गेला, मग मायामीला, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिला निवडला गेला. एनएफएलमधला नावाजलेला क्वार्टरबॅक जॉश ॲलन, त्याला तर शाळेतून निघताना मोठ्या विभागातली एकही ऑफर नव्हती.

अशा गोष्टी ऐकल्या की लोक लगेच म्हणतात, तारे म्हणजे थोतांड. तसं नाही हो. ड्राफ्टमध्ये तीन ताऱ्यांची मुलं भरपूर दिसतात कारण मुळात ती हजारोंनी असतात. पाच ताऱ्यांची जेमतेम तीस-पस्तीस, आणि त्यातली केवढी तरी पुढे जातात. एका मुलाबद्दल तारे चुकतात, शंभर मुलांबद्दल फारसे चुकत नाहीत. म्हणून एकट्या पोराची पत्रिका बघून भांडू नका, अख्ख्या संघाची बघा.

पायरी ३ : एका क्लासवर भाळू नका, चार वर्षांचा हिशेब मांडा

फेब्रुवारीत बातमी येते, 'अमुक कॉलेजचा क्लास देशात पहिला', आणि ऑगस्टपर्यंत त्या संघाकडून अजिंक्यपदाची अपेक्षा सुरू होते. अहो, ती पोरं अजून कपडे धुवायला शिकतायत! संघ चालतो तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांवर.

यासाठी बड एलियट या पत्रकाराने एक सोपं माप रूढ केलं, ब्लू-चिप रेशो. गेल्या चार क्लासमध्ये एकूण किती मुलं घेतली आणि त्यातली चार किंवा पाच ताऱ्यांची किती, एवढंच. घरी करून बघता येतं. समजा एका संघाने चार वर्षांत २४, २२, २५ आणि २१ मुलं घेतली, म्हणजे ९२. त्यात चार-पाच ताऱ्यांची अनुक्रमे १३, ९, १६ आणि ११, म्हणजे ४९. चार-पाच ताऱ्यांचं प्रमाण झालं ५३ टक्के. संघ रेषेच्या वर.

रेषा आहे ५० टक्क्यांची. २०११ पासून २०२४ च्या हंगामापर्यंत जो जो अजिंक्य ठरला तो या रेषेच्या वर होता. अलाबामा, फ्लोरिडा स्टेट, ओहायो स्टेट, क्लेमसन, एलएसयू, जॉर्जिया, मिशिगन, एकही अपवाद नाही. २०२२ मध्ये टीसीयू रेषेच्या कितीतरी खाली असून अंतिम सामन्यापर्यंत पोचलं, आणि तिथे जॉर्जियाने त्यांना ६५-७ असं धुतलं. मी तो सामना मध्यंतरालाच बंद केला आणि भांडी घासली.

आता इथे थांबून एक साधं गणित करा, कारण निम्मा वाद इथेच मिटतो. सर्वोच्च विभागात १३० हून जास्त संघ आहेत. रेषेच्या वर हल्ली दरवर्षी असतात सोळा-अठरा. प्लेऑफच्या, म्हणजे अजिंक्यपदासाठीच्या शेवटच्या बाद फेऱ्यांच्या, जागा १२, त्याही २०२४ पासून. त्याआधी चारच होत्या. आणि या बारांतल्या काही जागा रेषेखालच्यांना जातातच. म्हणजे गुणी म्हणवणाऱ्या संघांतले कितीतरी दरवर्षी घरी बसणार, हे हंगाम सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. त्यातून यातले जवळजवळ निम्मे संघ एकट्या एसईसी या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे संघांच्या गटात, आहेत आणि ते एकमेकांशीच खेळतात. ऑबर्न आणि अलाबामा दोघांकडे चार ताऱ्यांची रांग असली तरी नोव्हेंबरात ते समोरासमोर येतात त्या शनिवारी एक जण हरणारच. दोन्ही पोरं हुशार असली तरी वर्गात पहिला नंबर एकाचाच येतो, आणि दुसऱ्याच्या आईला वाटतं की पोरगं अभ्यास करत नाही.

पायरी ४ : घरात आत्ता कोण आहे ते मोजा

ए अँड एमचा २०२२ चा क्लास आजवरच्या क्रमवारीतला सगळ्यांत वरचा मानला गेला. पाच ताऱ्यांची सात-आठ पोरं एकाच वर्षी. एवढा गाजावाजा झाला की अलाबामाचे तेव्हाचे कोच निक सेबन यांनी मे महिन्यात जाहीर व्यासपीठावर म्हटलं, ए अँड एमने प्रत्येक खेळाडू विकत घेतला. दुसऱ्याच दिवशी ए अँड एमचे तेव्हाचे कोच जिंबो फिशर यांनी पत्रकार परिषद घेऊन त्यांचा खरपूस समाचार घेतला. एकेकाळी हेच फिशर सेबन यांच्या हाताखाली एलएसयूला होते. गुरु-शिष्यांचं ते भांडण आमच्या ऑफिसात आठवडाभर पुरलं.

त्या पोरांचं पुढे काय झालं? वॉल्टर नोलन हा बचावातला तगडा लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, दोन वर्षं थांबून ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठाला) गेला. झेल घेणारा एव्हन स्टुअर्ट ओरेगनला. क्वार्टरबॅक कॉनर वीगमन ह्यूस्टनला. शेमार स्टुअर्ट मात्र राहिला. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये नोलन सोळावा आणि शेमार स्टुअर्ट सतरावा गेला, अगदी पाठोपाठ. म्हणजे तारे देणारे चुकले नव्हते! पत्रिका बरोबर होती, पण एकाने संसार दुसऱ्या घरी केला.

हे शक्य झालं ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे. २०१८ च्या ऑक्टोबरात ती यादी सुरू झाली. २०२१ पासून एकदा बदली केल्यावर वर्षभर बाहेर बसायची अट गेली आणि २०२४ पासून तर कितीदाही बदला. म्हणून जुन्या क्लासची क्रमवारी काढून 'यांच्याकडे इतकी गुणवत्ता होती' म्हणणं म्हणजे लग्नाला आलेल्या पाहुण्यांची यादी घेऊन आज घरात माणसं किती ते सांगणं. त्याऐवजी सध्याच्या संघातल्या प्रत्येकाचे तारे मोजणारी यादी बघा; २४७स्पोर्ट्सवर ती टीम टॅलेंट कॉम्पोझिट नावाने मिळते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की गळती कुठे झाली ते आपोआप दिसतं.

पायरी ५ : तारे कुठे बसलेत ते बघा

सगळ्या जागा सारख्या नसतात. झेल घेणारा पाच ताऱ्यांचा मुलगा पहिल्याच वर्षी चमकू शकतो, कारण वेग वेगच असतो. लाइनमन मात्र तीनशे पौंडांचा लागतो आणि समोर बावीस वर्षांचा तीनशे पौंडांचा उभा असतो. अठराव्या वर्षी ते अंग नसतं. त्याला दोन-तीन वर्षं जिममध्ये आणि ताटावर घालवावी लागतात. २०१८ मध्ये नियम आला की चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष मुलाच्या खेळायच्या ठरावीक वर्षांत धरायचं नाही, त्याचाही इथे उपयोग झाला.

जॉर्जियाचा २०२१ चा संघ यासाठी अभ्यासावा. क्वार्टरबॅक होता स्टेटसन बेनेट, मूळचा वॉक-ऑन. मधे मिसिसिपीतल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात जाऊन परत आलेला. पाच ताऱ्यांची मुलं बाकावर आणि हा मैदानात, म्हणून जॉर्जियाचेच लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे. पण त्याच्या संघाचा बचाव? १० जानेवारी २०२२ ला अलाबामाला ३३-१८ हरवून ते अजिंक्य झाले, आणि त्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये जॉर्जियाचे १५ जण गेले, त्यातले बचावाचे पाच पहिल्याच फेरीत. (त्या पाचांतला अवाढव्य जॉर्डन डेव्हिस शाळेत असताना तीनच ताऱ्यांचा होता. असो.) लाइनवर आणि बचावात तारे असतील तर क्वार्टरबॅक साधा चालतो. उलट चेंडू फेकणारा पाच ताऱ्यांचा आणि त्याच्यापुढची लाइन कच्ची असेल तर तो पोरगा दर शनिवारी जमिनीवर झोपलेला दिसतो. माझं स्पष्ट मत, संघ बघताना आधी दोन्ही लाइन बघा आणि शेवटी क्वार्टरबॅक. टीव्हीवाले नेमकं उलटं करतात.

पायरी ६ : हरले ते कसे हरले?

आता काकांच्या प्रश्नावर येऊ. २०२२ ला ए अँड एम ५-७ वर संपलं. वर्गात हुशार म्हणून मिरवणाऱ्या मुलाला पस्तीस टक्के पडावेत तसं. पण सात पराभव एकेक करून मांडा. ॲपलाचियन स्टेट १७-१४. मिसिसिपी स्टेट ४२-२४. अलाबामा २४-२०. साउथ कॅरोलिना ३०-२४. ओल मिस ३१-२८. फ्लोरिडा ४१-२४. ऑबर्न १३-१०. सातांपैकी पाच पराभव सहा किंवा त्याहून कमी गुणांनी. त्यातले दोन-तीन उलटे पडले असते तर आपण त्याच संघाला 'ठीकठाक' म्हटलं असतं. आणि शेवटच्या सामन्यात त्यांनीच एलएसयूला ३८-२३ हरवलं. काठावरचे सामने एका वर्षी सगळे एका बाजूला पडतात, पुढच्या वर्षी दुसऱ्या. त्यातून फार मोठं तत्त्वज्ञान काढू नये.

पण म्हणून कोच सुटला असंही नाही. तो ॲपलाचियनचा सामना पुन्हा बघा. देशात सहाव्या क्रमांकावरचा संघ, एक लाखाहून जास्त माणसं बसतील असं काइल फील्ड, पाहुण्यांना खेळायला यायचे पंधरा लाख डॉलर दिलेले. साठ मिनिटांपैकी ४१ मिनिटांहून जास्त वेळ चेंडू पाहुण्यांकडे! ए अँड एमच्या चौदा गुणांपैकी सात तर डेव्हन एशेनने किकऑफ उचलून थेट पलीकडे पळवत नेला, त्याचे. म्हणजे आक्रमणाने अख्ख्या दिवसात एकदाच रेषा ओलांडली. चाली फिशर स्वतः सांगत असत. ही काठावरची हार नव्हती, ती हार दिसत होती. पुढच्या वर्षी चाली सांगायला बॉबी पेट्रिनो आणले, तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशरना काढलं, आणि करारापोटी सात कोटी साठ लाख डॉलरच्या आसपास देणं लागलं.

तर पद्धत अशी. प्रत्येक पराभवापुढे फरक लिहा. एक ते सात गुणांचे पराभव एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. पहिला गट मोठा असेल तर निम्मं नशीब, पुढच्या वर्षी सुधारेल. दुसरा गट मोठा असेल तर घरातच काहीतरी बिघडलंय. पहिल्या गटातलेही सामने बघावे लागतात, हे वर सांगितलंच.

पायरी ७ : मगच 'नाव सोनूबाई' म्हणा

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण लावायला आधी सोनं होतं हे सिद्ध करा. वरच्या पायऱ्या चढलात तर ते जमलेलं असेल: चार वर्षांचं प्रमाण रेषेवर, मुलं अजून घरात, तारे योग्य जागी, पराभव मोठे. चारही जुळले तर बिनधास्त म्हणा.

२०२५ चं वर्ष यासाठी सोन्याचं निघालं. हंगामाआधीच्या एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत टेक्सस (ऑस्टिनचं विद्यापीठ, ए अँड एम नव्हे) पहिलं, पेन स्टेट दुसरं, क्लेमसन चौथं. टेक्ससने तीन सामने गमावले आणि प्लेऑफ हुकला. क्लेमसन ७-६. पेन स्टेटची तर कथाच झाली: ओरेगनकडून हरले ते एक वेळ समजू, पण पुढच्याच आठवड्यात तोवर एकही विजय नसलेल्या यूसीएलएने हरवलं, मग घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नने २२-२१. दुसऱ्याच दिवशी, १२ ऑक्टोबरला, जेम्स फ्रँकलिन यांना नारळ. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनीच हा संघ उपांत्य फेरीत नेला होता.

घाईने म्हण वापरल्यावर तोंडघशी कसं पडतात त्याचंही उदाहरण ऑस्टिनचंच. १३ नोव्हेंबर २०२१ ला टेक्ससने घरच्या मैदानावर कॅन्ससकडून ५७-५६ मार खाल्ला. त्या कॅन्ससने कॉन्फरन्सचा बाहेरगावचा सामना २००८ नंतर जिंकलाच नव्हता. विजयाचे दोन गुण झेलणारा जेरेड केसी वॉक-ऑन. टेक्ससचे नवे कोच स्टीव्ह सार्किशियन त्या वर्षी ५-७ वर संपले आणि 'इथे पोरं येतात आणि वाया जातात' हे पालुपद पुन्हा सुरू झालं. दोन वर्षांनी तेच कोच १२-२ करून प्लेऑफमध्ये होते. त्यांनी आल्या आल्या लाइनमनची भरती केली होती. पायरी ५ आठवा. ती पोरं मोठी व्हायला तेवढा वेळ लागला.

आणि मग इंडियाना. मी हे वाक्य लिहीन असं मला तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर त्याला लिंबूपाणी दिलं असतं. इतिहासात सर्वांत जास्त पराभव ज्यांच्या नावावर साचले होते असा हा संघ, २०२३ ला ३-९. कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले, जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या कॉलेजातली तेरा-एक पोरं सोबत घेऊन आले, आणि पत्रकारांना म्हणाले, मी जिंकतो, गूगल करून बघा. २०२४ ला ११-२. २०२५ च्या हंगामात १६-०, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ हरवून अजिंक्य. वाटेत ओहायो स्टेटला १३-१०, अलाबामाला ३८-३. ब्लू-चिपच्या रेषेच्या जवळपासही हा संघ नव्हता. चौदा वर्षं टिकलेला नियम मोडला. त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा शाळेत असताना येलला कमिट झाला होता, मग कॅलिफोर्नियाच्या कॅल विद्यापीठात गेला, तिथून पोर्टलने इंडियानाला आला आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक घेऊन गेला.

हे कसं झालं? सिग्नेटी पत्रिका बघत नाहीत, आधीचा संसार बघतात. दुसऱ्या कॉलेजात दोन-तीन वर्षं मैदानावर करून दाखवलेला, बावीस-तेवीस वर्षांचा, तीन ताऱ्यांचा मुलगा. अठरा वर्षांच्या पाच ताऱ्यांपेक्षा आज तो जास्त उपयोगी. पोर्टल नसतं तर हे जमलं नसतं.

मग तारे मोजायचेच कशाला? मला विचाराल तर अजून मोजावेत. अंतिम सामन्यात इंडियानासमोर जे मायामी होतं ते रेषेच्या वरचंच, आणि प्लेऑफच्या त्याच बारा जणांत ओहायो स्टेट, जॉर्जिया, अलाबामा, ओरेगन नेहमीसारखे होतेच. एका सिग्नेटींमुळे नियम गेला, की नियमाला पहिलं भोक पडलं, हे कळायला अजून चार-पाच हंगाम लागतील. तोवर मी ताऱ्यांच्या आकड्याशेजारी एक नवा रकाना केलाय, मोठ्या विभागात सुरुवातीपासून खेळलेले सामने किती. प्रत्येक संघाच्या पहिल्या अकरा-अकरा जणांची बेरीज करायला एक संध्याकाळ जाते, पण कांदे चिरता चिरता होते.

पायरी ८ : ऑगस्टमध्येच चिठ्ठी लिहा

हे सर्वांत सोपं आणि कोणीच करत नाही. पहिला सामना व्हायच्या आधी आपल्या संघाचं वेळापत्रक समोर घ्या, वरच्या पायऱ्यांवरून बारा सामन्यांपैकी किती जिंकतील तो एक आकडा कागदावर लिहा, तारीख टाका, फ्रिजवर चिकटवा. नाहीतर डिसेंबरात प्रत्येकाला वाटतं की आपल्याला हे आधीच माहीत होतं. चिठ्ठीपेक्षा दोन विजय कमी म्हणजे चालतं. चार कमी म्हणजे संघात काहीतरी चुकलं, किंवा तुमच्या हिशेबात.

काका आता दर गणपतीत मला आकडा दाखवतात. २०२२ ला त्यांनी १० लिहिला होता. २०२५ ला पोळलेल्या माणसासारखा ८ लिहिला. कोच माइक एल्को यांच्या ए अँड एमने ओळीने अकरा जिंकले, मग टेक्ससकडून २७-१७ हरले, तरी कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले. २० डिसेंबरला काइल फील्डवर मायामीने त्यांना १०-३ असं घरी बसवलं. रात्री काकांचा फोन आला. "अगं, माझ्या चिठ्ठीपेक्षा तीन जास्त जिंकले, मग मला एवढं वाईट का वाटतंय?" मी विचारलं, काका, मनातला आकडा किती होता? जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सोळा."